पाना आणि पान

मोटरसायकलचं एखादं मॉडेल बाजारात येतं तेव्हा त्याच्यासोबत तीन पुस्तकं तयार होतात. पहिलं मालकासाठी. शोरूममध्ये चावीबरोबर मिळतं, घरी आल्यावर कपाटात जातं. टायरमध्ये हवा किती, ऑइल कोणतं, पहिली सर्व्हिसिंग कधी, एवढं त्यात असतं. दुसरं पुस्तक वर्कशॉपसाठी. इंजिन कसं उघडायचं, कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा, कोणता भाग किती झिजला की बदलायचा, हे त्यात असतं. तिसरं पुस्तक सुट्या भागांचं. त्यात गाडीचा प्रत्येक नट, वायसर आणि ऑइल सील हवेत तरंगत असल्यासारखा काढलेला असतो आणि शेजारी त्याचा नंबर.

मालक म्हणून आपल्या हातात पडतं ते यातलं पहिलं, सगळ्यात पातळ पुस्तक.

माझ्याकडे जुन्या, बिडाच्या इंजिनाची ३५० सीसी बुलेट आहे आणि तिची बरीचशी कामं मी घरीच करतो. त्यामुळे नव्याने पाना हातात घेतलेली मुलंमुली मला विचारतात, ‘मॅन्युअल कोणतं घेऊ?’ अमुक घे, असं एका वाक्यात सांगता येतं. पण दुसरं आणि तिसरं पुस्तक कोणासाठी लिहिलं गेलं, ते आपल्यापासून दूर कसं गेलं आणि मधल्या काळात ते आपल्या हातात आणून द्यायचा उद्योग कोणी केला, हे कळलं की निवड आपोआप सोपी होते. म्हणून आधी ती गोष्ट.

खिशातलं पुस्तक

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये मोटरसायकल विकत घेणं म्हणजे तिची दुरुस्तीही पदरात घेणं होतं. गावोगावी गॅरेज नव्हती. लोहार होता, सायकलवाला होता, पण मॅग्नेटो उघडणारा कोणी नव्हता. ‘द मोटर सायकल’ या साप्ताहिकाच्या मंडळींनी त्या काळात ‘मोटर सायकल्स अँड हाउ टु मॅनेज देम’ नावाचं पुस्तक काढलं आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. नावातला ‘मॅनेज’ हा शब्द बोलका आहे. गाडी सांभाळायची म्हणजे तिच्या तब्येतीचं रोजचं बघायचं.

पुढे पिटमन या प्रकाशकाने एकेका कंपनीच्या गाड्यांवर छोटी पुस्तकं काढायला सुरुवात केली. बीएसएचं वेगळं, नॉर्टनचं वेगळं, रॉयल एनफिल्डचं वेगळं. डब्ल्यू. सी. हेक्राफ्ट या लेखकाने त्यातली बरीच लिहिली. ही पुस्तकं कोटाच्या खिशात मावतील एवढी होती आणि ती कारखान्यातल्या इंजिनिअरने मेकॅनिकसाठी लिहिलेली नव्हती. गाडी चालवणाऱ्याने गाडी चालवणाऱ्यासाठी लिहिलेली होती.

त्यातली कामं आज वाचली तर दचकायला होतं. त्या काळच्या पेट्रोल आणि ऑइलमुळे सिलिंडर हेडच्या आत काजळीचा थर बसायचा. काही हजार मैल झाले की हेड उतरवून काजळी खरवडायची, व्हॉल्व्ह घासून बसवायचे, हे काम पुस्तकात रविवारच्या सकाळचं काम म्हणून सांगितलेलं असे. आज हेड उतरवायचं म्हटलं की आपण गाडी टेम्पोत घालतो. तेव्हाचे मालक जास्त हुशार होते असं नाही. त्यांना दुसरा मार्ग नव्हता आणि पुस्तक त्यांच्यावर विश्वास टाकत होतं.

सैनिकाला कॉमिक्स

दुसऱ्या महायुद्धाने मॅन्युअलसमोर वेगळाच वाचक उभा केला. एकट्या बीएसए कंपनीने एम-२० या मॉडेलच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनवल्या. त्या चालवणारी कित्येक पोरं शेतातून, दुकानातून उचललेली. गाडी त्यांच्या मालकीची नव्हती, तिच्यावर त्यांचं प्रेमही नव्हतं. अशा माणसाने ऑइल तपासावं, चेन सैल झाली की ओढून घ्यावी, यासाठी त्याला वाचायला काय द्यायचं?

अमेरिकन लष्कराने याचं उत्तर एका चित्रकाराकडून घेतलं. विल आयस्नर हे कॉमिक्सच्या जगातलं मोठं नाव. १९४२ साली ते सैन्यात भरती झाले आणि ‘आर्मी मोटर्स’ या लष्करी मासिकासाठी चित्रं काढू लागले. त्यांनी ‘जो डोप’ नावाचा एक धांदरट शिपाई जन्माला घातला. तो गाडीची निगा राखत नाही आणि मग त्याची फजिती होते. पुढे जून १९५१ मध्ये ‘पीएस’ हे मासिक सुरू झालं. पीएस म्हणजे पत्राखालचा ताजा कलम. अधिकृत मॅन्युअलमध्ये जे राहून गेलं ते इथे सांगायचं, असा अर्थ. आयस्नर यांनी १९७१ पर्यंत या मासिकाचं काम पाहिलं.

एवढ्या मोठ्या लष्कराला कळून चुकलं होतं की पुस्तक अचूक असणं पुरेसं नाही. थकलेल्या, कंटाळलेल्या, हात काळे झालेल्या माणसाने ते उघडलं पाहिजे. उघडल्यावर त्याला पुढची कृती दिसली पाहिजे. आज आपण दुरुस्तीचे व्हिडिओ बघतो, त्यांच्या मागे हीच समजूत आहे.

सिलोनचा मुलगा, एडनची गाडी

घरगुती दुरुस्तीच्या पुस्तकांत सगळ्यात प्रसिद्ध नाव हेन्स. जॉन हेन्स यांचा जन्म १९३८चा, सिलोनमधला. वडील चहाच्या मळ्यावर. शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले. शाळेत असताना रग्बीच्या तासाला सुटी मिळवून त्यांनी एक जुनी ऑस्टिन सेव्हन घेतली आणि तिची छोटी स्पोर्ट्स कार केली. ती विकायला काढली तेव्हा चौकशा इतक्या आल्या की १९५६ साली त्यांनी ती कृती चित्रांसह एका पुस्तिकेत उतरवली. पहिल्या २५० प्रती दहा दिवसांत संपल्या.

नंतर ते ब्रिटिश हवाई दलात गेले आणि १९६०च्या दशकात त्यांची नेमणूक एडनला झाली. हे तेच एडन, जे जवळजवळ शंभर वर्षं मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं. तिथे एका सहकाऱ्याने बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे असलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट घेतली होती. ती उघडायची तर कंपनीचं मॅन्युअल कामाला येईना, कारण ते गृहीत धरत होतं की वाचणाऱ्याकडे कंपनीची खास हत्यारं आहेत आणि हाताखाली तयार कारागीर आहेत. हेन्स यांनी कॅमेरा घेतला, गाडी सुटी करताना आणि पुन्हा जोडताना एकेका पायरीचा फोटो काढला. त्यातून १९६६ साली पहिलं हेन्स मॅन्युअल निघालं. ३००० प्रती तीन महिन्यांच्या आत विकल्या गेल्या. मोटरसायकलची मॅन्युअलं पुढे आली, पण पद्धत तीच राहिली: गाडी खरोखर विकत घ्यायची, खरोखर खोलायची, खरोखर जोडायची आणि जे दिसलं ते लिहायचं.

हेन्सचं मॅन्युअल वापरलेल्या प्रत्येकाची त्यातल्या एका सवयीवर हक्काची तक्रार असते. भाग कसा काढायचा हे अकरा पायऱ्यांत सांगायचं आणि बसवताना याच्या उलट करा म्हणून मोकळं व्हायचं. स्प्रिंग उडून कपाटाखाली गेलेल्या माणसाला ‘उलट करा’ हे वाक्य फार लागतं. तरी पुस्तकाचा गुण खरा आहे. प्रत्येक कामापुढे एक ते पाच पान्यांचं चिन्ह असतं. एक पाना म्हणजे नवख्याने करावं, पाच म्हणजे अनुभवी माणसाने. हे काम तुम्ही करू नका, असं ते सांगत नाही. किती अवघड आहे ते सांगतं आणि निर्णय तुमच्यावर सोडतं.

अमेरिकेत असंच काम फ्लॉइड क्लायमर यांनी केलं. ते स्वतः मोटरसायकलच्या शर्यतीतले जुने खेळाडू. त्यांनी पिटमनची ब्रिटिश पुस्तकंही अमेरिकेत पुन्हा छापली. पुढे २०१३ साली क्लायमर हे नाव हेन्स कंपनीकडेच आलं.

आपल्याकडे: उस्ताद हेच मॅन्युअल

१९५०च्या दशकात भारतीय लष्कराने ३५० सीसी बुलेट निवडली आणि १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली. इंग्लंडमधली मूळ कंपनी पुढे बंद पडली, पण मद्रासमधलं इंजिन फारसं न बदलता २०१०च्या सुमारापर्यंत चालू राहिलं. परिणाम असा की ब्रिटिश काळातलं बुलेटचं वर्कशॉप मॅन्युअल इथल्या बुलेटलाही बऱ्याच अंशी लागू पडतं. एवढ्या लांब आयुष्याचं तांत्रिक पुस्तक क्वचितच सापडेल.

पण ते आंधळेपणाने लागू करता येत नाही. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली इंग्लंडमध्ये आट्यांचं एक प्रमाण ठरवलं. त्या पद्धतीच्या पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाची रुंदी सांगत नाही. ज्या बोल्टला तो पाना लागतो त्या बोल्टचा व्यास सांगतो. आपल्या मिलिमीटरच्या पान्यांची सवय असलेल्या माणसाला हे माहीत नसेल तर जुनं मॅन्युअल वाचून तो चुकीचा पाना लावेल आणि नटाचे कोपरे गोल करेल.

जपानी वंशाच्या गाड्यांचं कोडं वेगळं. १९८५च्या सुमारास हिरो होंडा सीडी-१०० आणि यामाहा आरएक्स-१०० आल्या. त्यांच्या कार्बोरेटरवरचे स्टार स्क्रू दिसायला नेहमीसारखेच, पण त्यांची खाच जपानी प्रमाणाची आहे. नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, निसटतो आणि खाच खाऊन टाकतो. ‘हा स्क्रू जाम झालाय’ असं आपण ज्याला म्हणतो तो कित्येकदा जाम नसतोच. चांगल्या मॅन्युअलमध्ये ही एक ओळ असते, वाईटात नसते.

मग आपल्या मेकॅनिक लोकांनी इतकी वर्षं काय वाचलं? बहुतेकांनी काहीच नाही. आपल्याकडे ज्ञान माणसात राहिलं. पोऱ्या म्हणून गॅरेजात शिरायचं, आधी पाने पुसायचे, मग पंक्चर, मग चेन, मग एक दिवस उस्ताद इंजिनाला हात लावू देणार. बुलेटच्या टॅपेटचं उदाहरण घ्या. जुन्या मॅन्युअलमध्ये थंड इंजिनाला टॅपेटची फट शून्य ठेवा, असं आहे. शून्य म्हणजे काय? पुश रॉड बोटांनी सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली जराही हलता कामा नये. ‘सहज’ म्हणजे किती सहज, हे पुस्तकाला सांगता येत नाही. उस्ताद तुमचं बोट त्या रॉडवर ठेवतो आणि म्हणतो, एवढं. मी हे तसंच शिकलो.

म्हणून पुस्तकवाल्यांनी उस्तादाला कमी लेखायचं कारण नाही. पण या पद्धतीची किंमतही होती. उस्तादाला जे येत नाही ते पोऱ्याला कधीच येणार नाही. उस्ताद गेला की त्याचं ज्ञान गेलं. ज्याच्यासाठी गॅरेजचं दार उघडत नाही त्याने, आणि विशेषतः तिने, शिकायचं कुठे? छापलेल्या पानाला वाचणारा कोण आहे हे कळत नाही. ते सगळ्यांना तेच सांगतं.

मराठीत यंत्र

मराठीत यंत्रावर लिहिण्याची परंपरा नाही असं म्हणणं बरोबर नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी सुरुवात केली ती बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं ते कारखान्याचं पत्रक म्हणूनच. अवजारं बनवणारे आणि अवजारं वापरणारे यांच्यात बोलणं व्हावं म्हणून. पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ झालं आणि त्यातलं साहित्य आपल्या लक्षात राहिलं. मराठीतलं एक मोठं मासिक अवजारांच्या पत्रकातून उगवलं, हे मात्र आपण विसरलो.

मोटरसायकलच्या बाबतीत ती परंपरा पुढे सरकली नाही. आकुर्डी आणि चाकणमधून लाखो दुचाक्या बाहेर पडल्या, पण घरी बसून इंजिन उघडता येईल असं तपशीलवार मराठी पुस्तक माझ्या हाती आजवर लागलेलं नाही. गॅरेजात मात्र भाषा तयार आहे. आटे गेले, प्लग काळा पडलाय, क्लच सरकतोय, गाडी मिसिंग मारतेय. शब्द आहेत, ते पानावर यायचे बाकी आहेत.

विसरून जा

१९८०च्या दशकात हिरो होंडाच्या जाहिरातीने देशाला सांगितलं: पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. दर आठवड्याला प्लग साफ करणाऱ्या पिढीला हे वरदान होतं आणि ती गाडी खरोखर तशी होती. पण ‘विसरून जा’ हे हळूहळू ‘हात लावू नका’ झालं. मालकाच्या पुस्तकात आकडे कमी झाले आणि ‘अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा’ हे वाक्य वाढलं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि आपल्या दुचाक्यांवरून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याच्या जागी सेन्सर आणि कॉम्प्युटरने चालणारं फ्युएल इंजेक्शन आलं. हवा स्वच्छ व्हायला ते हवंच होतं. पण आता बिघाड शोधायला पान्याबरोबर स्कॅनर लागतो आणि त्याने दाखवलेल्या कोडचा अर्थ लिहिलेलं पुस्तक. त्याच वर्षाच्या अखेरीस हेन्सने जाहीर केलं की नव्या मॉडेलची वर्कशॉप मॅन्युअलं यापुढे कागदावर निघणार नाहीत. जॉन हेन्स त्याआधी, फेब्रुवारी २०१९ मध्ये गेले.

दुसऱ्या बाजूने एक चळवळही उभी राहत होती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली मोटारींच्या दुरुस्तीची माहिती खुली करण्याच्या बाजूने मतदान केलं. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं, अशी चार क्षेत्रं त्यात आहेत.

हा हक्क वापरायचा म्हणजे काय करायचं, ते एका प्रसंगातून सांगतो. एका मैत्रिणीच्या गाडीचा क्लच सरकत होता. सर्व्हिस सेंटरने क्लच प्लेटचा अख्खा संच बदलायला सांगितला. तिने त्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवलं. त्यात प्लेटची जाडी किती झाली की ती बाद समजायची, तो आकडा होता. तिने प्लेटी काढून व्हर्नियरने मोजल्या. सगळ्या मर्यादेच्या आत. त्याच प्रकरणात क्लच लिव्हर टोकाशी किती मोकळी हलली पाहिजे तेही दिलं होतं. तिच्या गाडीची लिव्हर अजिबात मोकळी हलत नव्हती. केबल जास्त ताणलेली होती, म्हणून क्लच कायम अर्धवट दाबलेला राहत होता. केबल सैल केली, काम झालं. सर्व्हिस सेंटरने मुद्दाम फसवलं असेलच असं नाही. कदाचित कोणी मोजलंच नसेल. पण हातात तो आकडा नसता तर तिच्याकडे पैसे देण्यावाचून पर्याय नव्हता.

तर मग कोणतं?

पहिली पसंती तुमच्या गाडीच्या कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल, तेही नेमक्या मॉडेलचं आणि वर्षाचं. नाव तेच ठेवून कंपन्या आतलं इंजिन बदलतात. त्यामुळे इंजिन आणि चासीच्या नंबरवरून खात्री करा. त्याच्या जोडीला सुट्या भागांचं कॅटलॉग घ्या. ते बऱ्याचदा सहज मिळतं आणि फार कमी लोक ते वाचतात. जोडणी करताना वायसर आधी की स्प्रिंग आधी, याचं उत्तर त्या तरंगत्या चित्रात असतं. ‘उलट करा’वरचा उतारा तोच.

तुमची गाडी परदेशातही विकली जात असेल आणि तिच्यावर हेन्स किंवा क्लायमर असेल तर तेही जरूर घ्या. कंपनीचं पुस्तक आकडे देतं, हे पुस्तक हात धरतं. मात्र परदेशातल्या मॉडेलचा कार्बोरेटर, वायरिंग किंवा दिवे वेगळे असू शकतात.

घेण्याआधी कोणत्याही मॅन्युअलची एक परीक्षा घ्या. त्यात चार गोष्टी शोधा: ऑइलचा ड्रेन बोल्ट किती आवळायचा, क्लच प्लेटची झीज-मर्यादा, संपूर्ण वायरिंगचं चित्र आणि ब्रेकमधली हवा काढण्याची कृती. चारही मिळाल्या तर पुस्तक कामाचं. ‘घट्ट आवळा’ एवढंच लिहिलं असेल तर परत ठेवा. सहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर जोर लागतो, म्हणजे मनगटाचा, खांद्याचा नाही. ॲल्युमिनियममधले आटे याहून जास्त फार काळ सहन करत नाहीत.

फोनवर फिरणाऱ्या पीडीएफ फायली तपासून घ्या. पहिल्या पानावर एक मॉडेल आणि आत दुसरंच, असं होतं. व्हिडिओ जरूर बघा. हात कसा धरायचा, भाग कोणत्या कोनातून निघतो, हे त्यात कागदापेक्षा चांगलं दिसतं. पण आकडा व्हिडिओतून घेऊ नका. बोलणारा दुसऱ्या गाडीबद्दल बोलत असू शकतो. आणि ब्रेकचं पहिलं काम जाणत्या माणसाला शेजारी उभं करूनच करा, पुस्तक कितीही चांगलं असो.

शेवटी एक कोरी वही घ्या. केलेलं काम, तारीख, किलोमीटर, मोजलेला आकडा मराठीत लिहून ठेवा. गॅरेजातल्या उस्तादाने सांगितलेलंही लिहा, त्याच्याच शब्दांत. माझ्या वहीत टॅपेटच्या नोंदीपुढे ‘फिरतो, हलत नाही’ एवढंच आहे. पुढच्या वेळी टॅपेटचं कव्हर उघडलं की मी तीच ओळ आधी वाचतो, छापील पुस्तक नंतर.